अभ्यासाची भिशी

दहावीच्या वर्षी प्रेमा राणेला अभ्यास सोडून अभ्यासाचं बाकी सगळं छान जमत होतं. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं, त्यांवर नावाची चौकोनी लेबलं, पेन्सिलींना टोकं, आणि वेळापत्रकं. पहिलं वेळापत्रक तिने जूनमध्ये केलं, स्केचपेनांनी, विषयागणिक वेगळा रंग देऊन. ते भिंतीला चिकटवायला खळ शिजवावी लागली, खळ करपली, आईने पातेलं घासायला लावलं, आणि या सगळ्यात वेळापत्रकातली पहिली सकाळ गेली. जुलैचं वेळापत्रक जूनच्या चुका सुधारून केलेलं होतं. ऑगस्टमध्ये तिने वेळापत्रक करण्यासाठीही वेळापत्रकात जागा ठेवली. तेवढी एकच जागा तिने पुढे दर आठवड्याला न चुकता वापरली.

घाटकोपरला पंतनगरात, हाउसिंग बोर्डाच्या त्या बिल्डिंगीत, दहावीचं पोर म्हणजे घरात आजारी माणूस असल्यासारखं असे. त्याला कामं सांगायची नाहीत, त्याच्यासमोर रेडिओ मोठा करायचा नाही. आलागेला दारातूनच विचारी, "कसं काय चाललंय?" आणि आईने आवाज खाली घेऊन सांगायचं, "बरं आहे." प्रेमाची आई रुक्मिणी हे सगळं पाळत होती. प्रेमाला हे आजारपण चांगलंच मानवलं होतं.

दिवाळीच्या जरा आधीची गोष्ट. रुक्मिणीच्या खोलीत भिशी भरली होती. बिल्डिंगीतल्या बायका दर महिन्याला सारखी रक्कम भरत, नावांच्या चिठ्ठ्या पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकत, आणि जिचं नाव निघे तिला सगळी रक्कम एकदम मिळे. त्या दुपारी शेवंतीकाकूंचा नंबर लागला आणि मिक्सर कुठल्या रंगाचा घ्यावा यावर चर्चा सुरू झाली. प्रेमा आत मोरीच्या कठड्याला टेकून भूगोल उघडून बसली होती.

"काय गो," बाहेरून आईने आवाज दिला, "भूगोल करतंस की आमच्या गजाली ऐकतंस?"

प्रेमा गजाली ऐकत होती. नुसती ऐकत नव्हती, तिच्या डोक्यात प्रकाश पडत होता. शेवंतीकाकूंना एकटीच्या बळावर वर्षभरात जी वस्तू जमली नसती, ती सगळ्याजणींच्या जोरावर एका दुपारी घरात येत होती. मग दहावीचे सगळे विषय एकटीने का म्हणून ओढायचे? बिल्डिंगीत दहावीची आणखी पोरं होती. अभ्यासाचीच भिशी लावली तर?

त्या आनंदात तिने भूगोलाचं पुस्तक मिटलं.

मेंबर मिळायला वेळ लागला नाही. समोरच्या बिल्डिंगीत भीमराज आणि चंपा ही चुलत भावंडं होती. भीमराज गणितात पक्का आणि बोलायला मोजका. चंपा बोलायला पक्की. आणि खालच्या मजल्यावर लवू परब होता. नववीत एकदा नापास झाल्यामुळे तो वर्षाने मोठा असून प्रेमाच्या वर्गात होता. त्याचे वडील धाकूकाका मिल बंद पडल्यापासून एका सोसायटीत वॉचमन होते. त्यांनी लवूला सरळ सांगून ठेवलं होतं: जानेवारीच्या प्रिलिमला एका जरी विषयात उडालास तर मार्चला बसायचं नाही, चारकोपला मामाच्या गाळ्यात लेथवर उभं राहायचं. धाकूकाका एरवी कुणाला धमकी देत नसत, त्यामुळे ही धमकी खरी वाटायची. मामाने जागा धरूनच ठेवली होती.

लवूला कॉलेजची स्वप्नं पडत नव्हती. गाळ्यात जायचं तर दहावी पास होऊन जायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मामाचे कारागीर आतापासूनच त्याला 'नववी' म्हणून हाक मारत. "ए नववी, चहा घेऊन ये." हे नाव त्याला जन्मभर नको होतं.

पहिली बैठक गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत झाली.

"चार मेंबर, चार वाटे," प्रेमा म्हणाली. "भीमराज गणित, चंपा भाषा, लवू इतिहास-भूगोल, मी विज्ञान. प्रत्येकाने फक्त आपापला वाटा करायचा. पंधरवड्याला एक चिठ्ठी. ज्याचा नंबर लागेल त्याला बाकीच्या तिघांनी आपापला वाटा शिकवून द्यायचा."

"आणि ज्याचा नंबर लागला नाही त्याने?" भीमराजने विचारलं.

"थांबायचं. भिशीत थांबतात."

"तोवर बाकीची पुस्तकं उघडायचीच नाहीत?"

"तुला उघडायची तर उघड ना. पण मग भिशी कशाला?"

"तेच विचारतोय मी."

"ए भीम्या, गप ना यार," चंपा म्हणाली. "भूमितीचं पुस्तक बघितलं तरी मला ताप येतो. तू कर, मला आयतं दे. झकास आयडिया आहे."

लवू टाकीच्या पाइपाला टेकून ऐकत होता. "मी क्लासला जातो गं संध्याकाळी. दोन्ही कसं जमणार?"

"क्लासमध्ये सर खोलीभर पोरांना एकदम शिकवतात," प्रेमा म्हणाली. "इथे आम्ही तिघं तुला एकट्याला शिकवणार. तूच बघ."

लवूने बघितलं आणि क्लास सोडला. त्या क्षणी प्रेमाला आपण फार मोठं काम करत असल्यासारखं वाटलं. पुढे कितीतरी दिवस हे वाटणं तिला पुस्तकाला हात न लावता पुरलं.

"चिठ्ठी काढ मग पहिली," भीमराज म्हणाला.

"पहिला नंबर माझा. भिशी चालवणारीचा पहिला नंबर असतो. जाऊन आईला विचार."

"ही पोरगी वकील होणार," असं चंपाला सांगून भीमराज खाली उतरला. पण पुढच्या बैठकीला आला. चंपाला गणित शिकवायचं काम घरच्यांनी त्याच्या गळ्यात तसंही घातलेलंच होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि प्रेमाने आपला नंबर वसूल केला. भीमराजने बीजगणित समजावलं. चंपाने इंग्रजीचे धडे हातवारे करून सांगितले. लवू इतिहास सांगायला बसला तेव्हा तर प्रेमा खूशच झाली.

"हे बघ," लवू म्हणाला, "एक राजपुत्र मेला. आता मेला तो मेला, ते एकाचं भांडण. पण सगळ्यांनी आपापली जुनी भांडणं बाहेर काढली. आपल्याकडे नळावर होतं तसं. हंडा एकीचा सरकतो आणि आठवड्यापूर्वीचं भांडण काढते तिसरीच. झालं पहिलं महायुद्ध."

"आणि दुसरं?"

"तिथपर्यंत मी अजून पोचलो नाय. नोव्हेंबर आहे ना आता."

प्रेमाने हरकत घेतली नाही. मिळेल ते घेतलं, गच्चीवरून खाली आली, आणि तीन विषय संपल्याच्या समाधानात दुपारची झोपली.

भिशी उचलल्यावर भरणा जड वाटायला लागतो, हे बिल्डिंगीतल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या माणूस बघून मेंबर करून घेत. प्रेमाने प्रेमाला मेंबर करून घेताना ते बघितलेलं नव्हतं. चंपाचा नंबर लागला तेव्हा प्रेमाच्या वाट्याचं विज्ञान तयार नव्हतं. तिने गाईड पुढ्यात धरून बाईंच्या आवाजात वाचून दाखवलं आणि प्रत्येक परिच्छेदाला विचारलं, "समजलं?" बाई विचारतात तसंच विचारल्यामुळे चंपानेही वर्गातल्यासारखंच उत्तर दिलं, "हो." नंतर भीमराजचा नंबर लागला. तो म्हणाला, "विज्ञान माझं झालंय, राहू दे." भिशीचा नियम मोडू नये असं प्रेमाला फार वाटलं, पण तिने ते फारसं मोठ्याने बोलून दाखवलं नाही.

इकडे तिचं नाव मात्र वाढत चाललं होतं. बायका जिन्यात रुक्मिणीला थांबवून सांगत, "तुमची प्रेमा म्हणजे कमाल आहे हो. स्वतःचं सांभाळून दुसऱ्यांच्या पोरांचंही बघते." रुक्मिणी आवाज खाली घेऊन म्हणे, "बरं आहे." प्रेमा आतून ऐके, आणि पोरांचं बघण्याचं नवीन वेळापत्रक करायला घेई.

नवीन साल उजाडलं. प्रिलिम तोंडावर आली. राहिलेली एकच चिठ्ठी लवूची होती, ती काढायचीही गरज नव्हती. भीमराजने त्याचं गणित करून घेतलं, आता तिसऱ्यांदा सांगत असल्यामुळे न अडखळता. चंपाने भाषा संपवल्या. राहिलं विज्ञान.

प्रेमाने लवूला जिन्यात गाठलं.

"लवू, विज्ञानातलं तुला काय काय येतं? म्हणजे मला कळेल, कुठून सुरू करायचं ते."

"काय नाय येत."

"तरी पण. वर्गात काही ऐकलं असशील की."

"अगं, तूच बोललेलीस ना, आपापला वाटा करायचा. मी तुझ्या वाट्याला हात पण लावला नाय. पुस्तकाला अजून कोरा वास येतो, हे बघ." त्याने पिशवीतून विज्ञानाचं पुस्तक काढून तिच्या नाकाशी धरलं.

खरंच येत होता. तिच्या पुस्तकालाही तस्साच येत होता, पण हे तिने सांगितलं नाही.

"रविवारपासून बसू," ती म्हणाली आणि तडक समोरच्या बिल्डिंगीत गेली.

"लवूला विज्ञान तू शिकव ना," तिने भीमराजला सांगितलं. "तुझं झालंय."

"आणि तू काय करणार?"

"मी देखरेख."

"नाही. माझा भरणा मी भरला. ज्याचा त्याने भरायचा, तुझाच नियम."

"अरे, त्याची वाट लागेल! चारकोपला पाठवतील त्याला."

"मग त्याला जाऊन सांग," भीमराज म्हणाला. "मला कशाला सांगतेस?"

घरी आई बांगडे साफ करत होती. प्रेमा बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. दहावीच्या मुलीने इतका वेळ उभं राहणं हे लक्षण आईला बरं दिसेना. तिने विचारलं, आणि प्रेमाने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे उचललंस," आई म्हणाली, "आणि बुडवलंस?"

"बुडवलं नाही गं. थकलंय."

"पलीकडची द्रौपदी असाच म्हणायची. थकला असा, थकला असा. खोली सोडून गेली तरी थकलेलाच होता." आईने बांगड्याचं डोकं कापून बाजूला टाकलं. "आणि काय गो, ह्यो भिशीचो शोध तुका कोणी सांगितल्यान? पैसो माझो काय नि शेजारणीचो काय, दुकानात सारखोच चलता. पण शेवंती जेवली म्हणून माझा पोट भरता काय?"

ही साधी गोष्ट ऑक्टोबरपासून आजवर आपल्या डोक्यात का आली नाही, याचा प्रेमाने विचार केला. डोकं वेळापत्रकांत गुंतलेलं होतं, एवढंच उत्तर सापडलं.

"आता काय करू?"

"भर जा. एकदम नाय जमला तर थोडा थोडा भर. पण आधी त्याका तोंड दाखव."

रविवारी परबांच्या खोलीत लवू वह्या मांडून तयारच बसला होता. धाकूकाका आत झोपले होते. ड्युटी रात्रीची होती. लवूने तिच्यासाठी पाट मांडला होता, आणि मास्तरणीला द्यावं तसं पाण्याचं तांब्याभांडंही ठेवलं होतं. ते बघून प्रेमाला जास्तच अवघड झालं.

"लवू, मला येत नाही."

"काय येत नाय?"

"विज्ञान."

"कुठला धडा?"

"विज्ञान."

"सगळंच?"

"आकृत्या येतात. म्हणजे रंगवता येतात."

ओरडला असता तर बरं झालं असतं. पण लवू नुसता वह्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मी क्लास सोडला ना गं." मग त्याने विज्ञानाचं पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "आता काय. उघड. वाच पहिल्यापासून."

प्रेमा वाचायला लागली. दोनच ओळी झाल्या असतील.

"थांब. परत वाच."

तिने परत वाचलं.

"कळलं तुला?" लवूने विचारलं.

"नाही."

"मला पण नाय. परत वाच."

न कळण्याची लाज लवूजवळ उरलेली नव्हती. ती नववीत संपली होती. प्रेमाजवळ भरपूर होती. कळलं नाही की ती मान डोलवून पुढे जायची, आणि अशा रीतीने शाळेची नऊ वर्षं तिने पार केली होती. लवू तिला पुढे जाऊ देईना. एकेका वाक्यावर दोघं बसून राहत. अवघड शब्द आला की लवू म्हणे, "म्हणजे काय?" आणि प्रेमाला मागची पानं उलटून शोधावं लागे. अभ्यास म्हणतात तो हाच असावा, असा तिला हळूहळू संशय यायला लागला.

भिंगाच्या धड्यात गाडं अडलं. बहिर्वक्र भिंगातून पडद्यावर पडणारी प्रतिमा उलटी असते, असं पुस्तकात लिहिलं होतं.

"उलटी कशाला पडेल?" लवू म्हणाला. "बाबा रोज चष्म्यातून पेपर वाचतात. उलटा धरून वाचतात काय?"

लवू उठला, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून वडिलांचा वाचायचा चष्मा घेऊन आला आणि खिडकीसमोरच्या भिंतीपुढे धरला. दार लोटून घेतलं. आधी भिंतीवर नुसता उजेडाचा डाग होता. चष्मा पुढेमागे करता करता डाग आकसला, आणि भिंतीवर समोरची बिल्डिंग उतरली. पिटुकली, रंगीत आणि उलटी. गॅलऱ्या खालीवर झालेल्या, आकाश पायाशी, दोरीवरच्या साड्या खालून वर लोंबत होत्या.

"आयला," लवू म्हणाला.

"हलवू नकोस. ती बघ चंपाची गॅलरी."

"चष्मा खंय गेलो माझो?" आतून धाकूकाका डोळे चोळत बाहेर आले. अंधारात दोन पोरं भिंतीला नाक लावून उभी. त्यांनीही वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "आता ही बिल्डिंग उलटी कशाक केलास?"

"प्रिलिमसाठी, बाबा."

"झाला की सुलटी करून ठेव," धाकूकाका म्हणाले आणि पेपर घेऊन चष्म्याची वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून चंपाही येऊन बसायला लागली. "मला पण परत सांग. त्या वेळी तू गाईड वाचत होतीस, कळलेलं मला."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"मी तरी तुला इंग्लिशच्या कविता कुठे धड शिकवल्या होत्या? ढकलल्याच ना."

प्रिलिम झाली. निकालाच्या दिवशी लवू शाळेच्या पायऱ्यांवर बसून प्रगतिपुस्तक वरून खाली आणि खालून वर वाचत होता. सगळ्या विषयांत पास. बहुतेक ठिकाणी काठाकाठाने, विज्ञानात तर काठावर एक पाय बाहेर. पण लाल रेघ कुठेच नव्हती.

लाल रेघ प्रेमाच्या प्रगतिपुस्तकात होती. इतिहास-भूगोलात.

पेपरात दुसऱ्या महायुद्धाची कारणं विचारली होती. प्रेमाने इतिहास घेतला तो नोव्हेंबरात, पहिल्या नंबराला, आणि नंतर ते पुस्तक उघडलं नाही. तिच्या जगात दुसरं महायुद्ध झालेलंच नव्हतं. तिने अंदाजाने लिहिलं: 'हे युद्ध पहिल्यासारखेच होते, परंतु मोठे होते.' पुढे पानभर जुनी भांडणं कशी बाहेर निघतात हे सविस्तर लिहिलं. सरांनी समासात लाल पेनाने एवढंच विचारलं होतं, 'कोणाची?'

त्याच संध्याकाळी धाकूकाका इस्त्रीचा शर्ट घालून पेढे घेऊन आले. चारकोपला निरोप गेला होता: पोरगा मार्चला बसणार, जागेचं जूनमध्ये बघू.

"रुक्मिणीबाय, तुमच्या पोरीचे उपकार झाले," ते म्हणाले. "आमच्या पोराक मार्गी लावल्यान. एवढी पोरां सांभाळूची म्हणजे काय खेळ नाय."

"होय तर," आई म्हणाली. तिने पेढा घेतला आणि प्रेमाकडे बघितलं. शाळेने पालकांना भेटायला बोलावलंय, हे तिला दुपारीच कळलेलं होतं. "सगळ्यांचा बघता ती."

प्रेमाने पेढा तोंडात घातला.

धाकूकाका गेले आणि पाठोपाठ लवू आला. काखेत इतिहासाचं पुस्तक होतं. तो पाट ओढून बसला.

"चल."

"कुठे?"

"कुठे नाय. तुझा नंबर लागला तेव्हा माझं पहिलंच युद्ध झालं होतं. दुसरं द्यायचं राहिलंय."

"राहू दे रे. भिशी संपली. तुझं काही देणं नाही."

"अर्धाच भरणा दिला होता मी. मला बुडव्या म्हणवून घ्यायचं नाय. आधीच नववी म्हणतात."

प्रेमाला एकदम भरून आलं. भरून आलं की तिला नेहमी सुचायचं तेच सुचलं. मार्चपर्यंत किती दिवस आहेत ते बघावं, चौघांचं मिळून एक नीट वेळापत्रक आखावं, या वेळी विषयांना नाही तर धड्यांना रंग द्यावेत. तिने फळीवरचं स्केचपेनांचं पाकीट काढलं.

लवूने ते तिच्या हातातून घेतलं आणि रुक्मिणीकडे दिलं. रुक्मिणीने ते पिठाच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं.

"पोलंडपासून," लवू म्हणाला. "वाच."

प्रेमाने पुस्तक उघडलं आणि दोन ओळी वाचल्या.

"कळलं?"

तिची मान डोलायला लागली होती. ती मध्येच थांबली.

"नाही," ती म्हणाली. "परत वाचते."